वरचे दात

एका वासराने मला फसवलं. माझ्या लेकीला फसवलं, आणि परवा माझ्या पाच वर्षांच्या नातीलाही फसवलं. ते वासरू कधी जन्मलंच नव्हतं. कुठल्या गाईच्या पोटात वाढलं नव्हतं, त्याने कधी शेण टाकलं नव्हतं. कुठल्या तरी थंड मुलखात कोणीतरी ते कॉम्प्युटरवर काढलं, सिनेमात घातलं आणि माझ्या दारात आणून सोडलं. त्याच्यापायी माझी मुक्ता वीस वर्षं माझ्याबरोबर जत्रेला आली नाही. ही तक्रार मी आजवर तोंडी केली, चिडून केली, चारचौघांत हसं करून घेऊन केली. आज लिहून करतो.

मी जनावरांचा व्यापारी. आमच्या परभणीकडे हेडी म्हणतात, आणि म्हणताना थोडं नाक मुरडतात. मुरडोत. बापाने मला जमीन दिली नाही, घर दिलं नाही. चौदाव्या वर्षी मी दुसऱ्यांची बैलं मानवतच्या बाजारातून त्यांच्या गावापर्यंत हाकत नेऊन देत होतो, पायी. त्या रस्त्यावर मी जनावर शिकलो. चालण्यावरून खुराचं दुखणं ओळखायचं, शेपटीच्या गोंड्यावरून त्वचा, आणि तोंड उघडून वय. दुधाचे दात असले की आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे आले की जुळला. हे दात सगळे खालचे. गाईबैलाला पुढे वरचे दात नसतात, नुसती हिरडी असते. ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते.

परवा महादेवाच्या जत्रेत मैदानावरून चालताना पायाला मेख लागली. अंगठा ठेचकाळला. खाली वाकून बघितलं तर जुनी लोखंडी मेख, हातभर लांब असावी, डोकं तेवढं वर. गंजून मातीच्या रंगाची झालेली. आजूबाजूला पाणीपुरीच्या गाड्या, प्लॅस्टिकची खेळणी, आणि जिथे पूर्वी बैलांच्या रांगा लागत तिथे हारीने उभे नवेकोरे ट्रॅक्टर. त्या सगळ्यांत ही एक मेख तेवढी जुन्या जागेवर होती. सिनेमाच्या तंबूची मेख. तंबू उचलणारे तिला विसरून गेले होते. मी अंगठा धरून तिथेच खाली बसलो.

बसलो तसा आधी वास आला. खरा नव्हे, आठवणीतला. आमची जत्रा माघात असते. सकाळी कडब्याच्या पेंढ्यांवर दव असायचं, आणि ऊन वर आलं की त्या ओल्या कडब्याला एक गोडसर वाफ यायची. तिच्यात शेण, बिडीचा धूर, गुडीशेवेच्या कढईतला गूळ. बैलाची शिंगं तासणारा माणूस लिंबाखाली बसायचा. तासलेल्या शिंगाचा वास केस जळाल्यासारखा असतो. मला तो अत्तरासारखा वाटतो. दुपारी घुंगरमाळांच्या दुकानात नुसता हात लावला तरी सगळ्या माळा एकदम वाजायच्या, आणि दुकानदार न बघताच ओरडायचा, "घ्यायची नसल तर हात लावू नका!"

सौदे मात्र संध्याकाळी. दिवसभर गिऱ्हाईक नुसतं फिरतं, तोंडं उघडून बघतं, नाक मुरडतं. ऊन उतरलं की मग खरे घेणारे शेवटची फेरी मारतात. दोघं शेजारी बसतात, वर उपरणं टाकतात आणि उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरतात. तोंडाने बोलायचं पाऊसपाण्याचं, लेकीबाळींचं. भाव बोटं बोलतात. शेजाऱ्याला कळत नाही, बायकोला कळत नाही. या धंद्यात एकच नियम मी प्राण गेला तरी पाळला. पहिलं बोट आपण हलवायचं नाही. पहिला शब्द काढला तो हरला.

मुक्ता तेव्हा आठ वर्षांची होती. चौथ्या वर्षापासून मी तिला बाजारांना नेत होतो. तिच्या आईला ते पसंत नव्हतं. "पोरीला हेडी करायलाव का?" ती म्हणायची. मी म्हणायचो, "कामून? काय वाईट हाय?" मुक्ता उपरण्याखाली माझा हात धरून माझ्याशीच सौदे करायची. एक गुडीशेवेचा पुडा, दोन फेऱ्या पाळण्याच्या. बोटं दाबून मागायची आणि तोंडाने सांगायची, "यंदा हरभरा बरा हाय म्हणतेत." लोक हसून हसून बेजार व्हायचे.

त्या वर्षी आम्ही जत्रेला गुलब्याला घेऊन गेलो होतो. गुलब्या आमच्या घरच्या तांबड्या गाईचा गोऱ्हा, लाल कंधारी जातीचा, अजून आदत. मुक्ताने त्याला हाताने पेंड चारून मोठा केलेला. त्याला विकायला का काढलं ते मी इथे सांगत नाही. विकायला काढला होता, एवढंच.

आणि त्याच वर्षी तंबूत तो सिनेमा आला.

बाहेरच्या मुलखातला, हिंदीत आवाज बसवलेला. माणसं खरी, झाडं खरी, आणि त्यांच्यात फिरणारं एक पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांचं वासरू. गोष्ट साधी. डोंगरातल्या एका म्हाताऱ्या टोपीवाल्याचं वासरू विकलं जातं. ट्रकातून दूर जातं. तिथून ते पळतं आणि नद्या, आगगाड्या, शहरं ओलांडत घराकडे निघतं. वाटेत कोणाच्या वाळत घातलेल्या झग्यात डोकं अडकतं आणि ते तसंच, झगा घालून, भर बाजारातून जातं. शेवटी बर्फ पडत असताना आपल्या फाटकाशी येतं. त्याची आई त्याला चाटते. फाटकात उभा असलेला तो टोपीवाला म्हातारा एक शब्द बोलत नाही. फाटक उघडतो आणि टोपी काढून तोंडापुढे धरतो. संपलं.

पहिल्या संध्याकाळी तंबूत सगळे जनावरवालेच. अंगाला शेणाचा वास, डोक्याला मुंडासं. बाहेर जनरेटर धडधडतोय, रॉकेलचा धूर कनातीच्या फटीतून आत येतोय. पडद्यावर वासरू आलं आणि तंबूने त्याचा बाजार मांडला.

"वशिंड न्हाई की ओ याला!"

"पोळी बी न्हाई गळ्याला. पर खूर बघा, खूर."

"मागून हलकं हाय."

"दुधावर पोसलंय, दुधावर. आपल्याकडं आलं तर उन्हानं मरंल."

मीही बघत होतो. मला त्याची चाल आवडली होती. खोटं कशाला बोलू, मी मनात त्याचा भावही केला होता. तेवढ्यात ते वासरू हसलं. तोंडभर हसलं. आणि वरच्या बाजूला दातांची अख्खी ओळ, पांढरीफेक, माणसासारखी.

मी उठून उभा राहिलो. "बंद करा! वरचे दात हाईत याला! जनावर खोटं हाय!"

माझा धंद्यात शब्द होता, लोक विचारात पडले. मग मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "अन् ते मघापासून हिंदी बोलायलंय, त्याचं काय?"

जो हशा झाला तो मैदानापलीकडे महादेवाच्या देवळात ऐकू गेला असेल. मुक्ताने माझं धोतर ओढून मला खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूवाल्याला गाठलं. तो लुंगी नेसून चहा पीत बसला होता. मी म्हणालो, ते जनावर कोणाचं, कुठलं, त्याला दात कोणी बसवले, मला कळलं पाहिजे.

"हेडी, बसा," तो म्हणाला. "चहा घ्या. त्याला मालक न्हाई. ते जनावरच न्हाई. कॉम्प्युटरवर काढलंय."

"मग काढायचं तर नीट काढावं! चार दिवस गोठ्यात जाऊन उभं राहायला काय धाड भरली होती?"

त्याने बशीतला चहा संपवला. "अहो, नीट काढलं तर ते हसंल कसं? वर दात नसले तर हसू दिसत न्हाई."

मला राग आला. मी चहा न घेता निघून आलो.

त्या संध्याकाळी ऊन उतरायला लागलं तशी मुक्ता म्हणाली, "अण्णा, सिनेमाला."

"काल बघितला की."

"पुन्यांदा बघायचाय."

मी गेलो. तिच्यासाठी गेलो असं म्हणायची सोय आहे, पण मी गेलो ते भांडायला. त्या जनावरात अजून काय काय खोटं आहे ते मला एकदा मोजायचं होतं. दुसऱ्या संध्याकाळी मला सापडलं की त्याचे डोळे फार पुढे आहेत, गाईचे डोळे बाजूला असतात. तिसऱ्या संध्याकाळी मी शेपटीकडे बघायचं ठरवून बसलो होतो आणि शेवटच्या चाटण्यापाशी माझं चित्त थांबलं.

ते खरं होतं. अगदी खरं. आई वासराला चाटते ती कुठूनही चाटत नाही. कानामागे धरते, मानेवरून उलट्या दिशेने जीभ ओढते, केस उभे राहतात आणि ओले तसेच उभे राहतात, आणि वासराची मान त्या जिभेच्या जोराने दर खेपेला थोडी खाली जाते. पुन्हा वर येते. पुन्हा जाते. वासरू डोळे अर्धे मिटतं. हे ऐकून काढता येत नाही. ज्याने ते काढलं तो कधीतरी पहाटे गोठ्याच्या दारात उभा राहिला होता, थंडीत, बराच वेळ. ज्याला ही जीभ माहीत त्याला दात माहीत नाहीत? शक्य नाही. त्याला सगळं माहीत होतं. त्याने जाणूनबुजून वरचे दात बसवले होते.

चौथ्या संध्याकाळी मी भांडलो नाही. पाचव्या संध्याकाळी दात बघायचे विसरून गेलो. ते वासरू हसलं तेव्हा माझ्या शेजारचा एक राकट गडी, ज्याने सकाळी बाजारात माझ्या अंगावर धावून येऊन माझी आई काढली होती, तोही हसला. मीही हसलो. वासरू फाटकाशी आलं आणि तंबूत कोणी खोकलं नाही. मुक्ताने अंधारात माझं उपरणं आमच्या दोघांच्या हातांवर ओढलं आणि माझी पाची बोटं घट्ट धरली. या धंद्यात पाची बोटं धरली म्हणजे पाच. पाच काय, ते आधी ठरलेलं असतं. आमचं काहीच ठरलेलं नव्हतं. मी वाकून विचारलं, "पाच काय गं?" ती पडद्याकडे बघत राहिली.

सहाव्या दिवशी तंबू उठला. कनाती गुंडाळल्या, मेखा उपटल्या, एक राहिली. संध्याकाळी मी माझ्या जागेवर होतो. पूर्णेकडचे एक म्हातारबाबा आले, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं लोण्यासारखं. "शरणार्थ," म्हणाले आणि शेजारी टेकले. गुलब्याचं तोंड त्यांनी स्वतः उघडलं नाही, मला उघडायला लावलं. मान होता तो. उपरणं पडलं. बोटं बोलली. थोड्या वेळात गुलब्या त्यांचा झाला.

आमच्यात जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. दावं घरच्या खुंटीला राहतं. ते गेलं तर दावणीची बरकत जाते म्हणतात. मी गुलब्याच्या गळ्यातलं दावं सोडलं, म्हातारबाबांनी आपलं नवं बांधलं. मुक्ता बाजूला उभी होती. मला वाटलं रडेल. रडली नाही. जुनं दावं माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "त्याला आपल्या घराची वाट ठाव हाय."

मला तेव्हा कळलं नाही ती काय म्हणाली. घरी आल्यावर कळलं.

तांबडी गाय दोन दिवस हंबरली. तिसऱ्या दिवशी तिने पेंड खाल्ली. मुक्ता मात्र रोज दिवे लागायच्या वेळेला उंबऱ्यात बसायची, पूर्णेकडच्या वाटेला तोंड करून. गुलब्याच्या रिकाम्या गव्हाणीत मूठभर पेंड टाकून यायची आणि बसायची. समोरच्या रानात करडईची पिवळी फुलं लालसर होत गेली. हरभरा निघाला, घाट्यांचा आंबट वास अंगणात आला. ज्वारीची कणसं मोडली, रात्रीतून थंडी कमी झाली. ती बसतच होती. तिची आई म्हणायची, "उठ, डास चावायलेत." ती म्हणायची, "त्या वासराला लय दिस लागले होते."

एकदा मला म्हणाली, "अण्णा, वाटेत नदी हाय ना? त्याला पोहता येतं का?"

मी खेकसलो. "तो सिनेमा होता! ते जनावर खोटं होतं! सांगितलं होतं ना मी, दात खोटे होते!"

तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. गिऱ्हाईक भाव न पटून उठून जातं ना, जाताना काहीच न बोलता एकदा बघतं, तसं.

शिमग्याच्या सुमारास ती उंबऱ्यातून उठली. पुन्हा बसली नाही. त्यानंतर तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. बोलायची, वाढायची, ताप आला तर कपाळावर पट्टी ठेवायची. पण उपरण्याखाली हात दिला नाही. पुढच्या माघात मी विचारलं, "जत्रेला?" ती म्हणाली, "शाळा हाय." दर वर्षी काही ना काही होतं. घरावर स्लॅब टाकला तेव्हा जुन्या खुंट्या गेल्या आणि ते दावंही कुठे गेलं ते कळलं नाही. बैलाच्या किमतीत मी कधी चुकलो नाही, पण माझ्याच घरात काय गेलं ते मला मोजता आलं नाही.

मोठी झाली, शिकली, शिक्षिका झाली. स्थळ आलं ते नेमकं पूर्णेचं. जावई रेल्वेत. लग्न होऊन गेली.

मग परी झाली. परी दोन वर्षांची असताना मी पूर्णेला गेलो, तर पोरगी जमिनीवर पालथी पडून मोबाइल बघत होती आणि मोबाइलमधून आवाज येत होता तो मला झोपेतसुद्धा ओळखू आला असता. तेच वासरू. तळहातात मावेल एवढं झालेलं, तरी तेच. झगा घालून बाजारातून चाललेलं.

"तुला दुसरं काई सापडलं न्हाई का दाखवायला?" मी मुक्ताला म्हणालो.

"तिला हेच लागतं. सकाळी उठली की हेच."

"तूच लावून दिलं असशील."

"मीच लावलं," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

मी परीच्या शेजारी बसलो. माझं वय झालं, गुडघे दुखतात, तरी जमिनीवर बसलो. तिने मला जागा केली. या पोरीचा जन्म मोबाइलमध्ये झालेला, रोज शंभर नवी चित्रं हिच्या डोळ्यांपुढून जातात, हत्ती उडतात, मासे गातात. तिने त्यांतून हेच जुनं वासरू का धरावं? वासरू फाटकाशी आलं तेव्हा तिने अंगठा तोंडात घातला. मी मान फिरवून भिंतीकडे बघितलं. घर सोडून गेलेलं परत येतं, एवढीच गोष्ट आहे. मला वाटतं कुठल्याही पोराला दुसरी गोष्ट लागतच नाही. ते परत येतं म्हणून त्याला पुन्हा पुन्हा जायला लावता येतं.

परवाची जत्रा. आठ दिवस आधी मुक्ताचा फोन आला. "अण्णा, परीला खरं वासरू बघायचंय. येतो आमी." वीस वर्षांनी. मी फोन ठेवून सदरा शोधायला लागलो, जत्रेला आठ दिवस असताना.

मी मेखेपाशी बसलो होतो तिथे दोघी आल्या. मी उठलो, ठेचकाळलेला अंगठा लपवला आणि परीला माझ्या ओळखीच्या एका गड्याच्या दावणीला नेलं. लाल कंधारी वासरू, महिन्याचं, कान मखमली. परीने आधी लांबून बघितलं, मग गळ्याला हात लावला, मग धीर करून म्हणाली, "हसव ना त्याला."

"जनावर हसत नसतं, बाळा."

"हसतं. तोंड उघड."

मी हयातभर हजारो तोंडं उघडली. त्या वासराचं उघडलं. परी वाकली, निरखून बघितलं आणि एकदम मागे सरकून मैदानभर ऐकू जाईल असं ओरडली, "आई! याला वरचे दात न्हाईत! आजोबांनी खोटं वासरू आणलंय!"

दावणीवरची माणसं हसून आडवी झाली. वासराचा मालक म्हणाला, "घ्या हेडी, आता सिद्ध करा!" मी रागाने वासराचं तोंड मिटलं. मुक्ता हसत होती. तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. असं हसताना मी तिला तंबूत शेवटचं बघितलं होतं.

परी पुन्हा वासराजवळ गेली, आता खोट्या वासरालाही कुरवाळायला तयार झाली. मी आणि मुक्ता कडब्याच्या पेंढ्यांवर बसलो.

"तुझ्यामुळं," मी म्हणालो. "तू तिला तो सिनेमा दावला. तुलाबी असंच वाटायचं, ते वासरू खरं हाय म्हणून."

"मला? मी चौथ्या वर्षापासून तोंडं बघायले, अण्णा. पहिल्याच दिवशी दिसले मला ते दात. तुमच्या आधी दिसले."

"मग पाच दिवस कशाला बसलीस तिथं?"

ती दावणीकडे बघत म्हणाली, "घेणारे संध्याकाळी येतेत ना. तुमी तंबूत बसला की गुलब्या विकायचा राहायचा."

आठ वर्षांची पोरगी. पाच संध्याकाळी माझं गिऱ्हाईक तिने परत पाठवलं आणि मला पत्ता लागला नाही. सगळ्या मानवत बाजारात मला कोणी एवढं बनवलं नसेल.

"अन् उंबऱ्यात बसायचीस ते?"

"ते..." ती म्हणाली. "दात खोटे हाईत हे कळत होतं. परत येणं बी खोटं असंल असं वाटलं न्हाई."

ऊन उतरायला लागलं होतं. ट्रॅक्टरवाल्यांनी गाणी लावली होती. मला एक गोष्ट बोलायची होती, वीस वर्षांपासून बोलायची होती. तिच्या आईलाही मी ती सांगितली नव्हती.

मुक्ता उंबऱ्यात बसायची त्या दिवसांत, शिमग्याच्या आठ दिवस आधी, मी मानवतहून रेल्वेने पूर्णेला गेलो होतो. म्हातारबाबांच्या गोठ्यात गुलब्या उभा होता. त्याने मला बघून कान पुढे केले. म्हातारबाबांनी चहा सांगितला, मी का आलो ते त्यांनी ओळखलं होतं. शेजारी बसले. आपलं उपरणं त्यांनी स्वतः टाकलं आणि खाली हात पुढे केला. मी हात दिला. आणि मग मी थांबलो. पहिलं बोट आपण हलवायचं नाही. ते थांबले, मी थांबलो. चहा आला, गार झाला. त्यांचा हात ऊबदार होता, म्हाताऱ्या माणसाचा, सैल. त्यांना गोऱ्हा द्यायचा होता, ते मला कळत होतं. माझ्या तोंडून फक्त यायला हवं होतं, "माझी पोरगी उंबऱ्यात बसलीय." नाही आलं. संध्याकाळच्या गाडीने मी रिकाम्या हाताने परत आलो. मुक्ता उंबऱ्यात होती. म्हणाली, "कुठं गेलता?" मी म्हणालो, "बाजाराला."

"मुक्ता," मी परवा म्हणालो. "मी पूर्णेला गेलो होतो. तवा. गुलब्यासाठी."

"माहीत हाय."

मी तिच्याकडे बघितलं.

"लग्न होऊन गेले त्याच वर्षी म्हातारबाबा घरी आले होते. जवळच राहायचे. मला म्हणाले, तुझा बाप आला होता पोरी, घंटाभर माझा हात धरून बसला अन् काई न बोलता गेला. मी बी खुळा, म्हणाले. त्यानं मागावं म्हणून मी बसलो."

"तुला सहा-सात वर्षं माहीत हाय? मग बोलली कामून न्हाईस?"

तिने माझं उपरणं ओढून आमच्या हातांवर घेतलं. खाली तिचा हात माझ्या हातात आला. खडूने राठ झालेला, शिक्षिकेचा.

"पहिला शब्द तुमी काढायचा होता," ती म्हणाली. मग लोकांनी ऐकावं अशा आवाजात, "यंदा हरभरा बरा हाय म्हणतेत."

मी विचारलं, "तंबूत पाच बोटं धरली होतीस. पाच काय होते?" ती म्हणाली, आठवत नाही. मला ते पटलेलं नाही, पण सौदा तुटेल म्हणून मी ताणलं नाही.

आता तुम्ही. त्या थंड मुलखातले. ज्याने ते वासरू काढलं तो. दातांची तक्रार मी मागे घेतो. तंबूवाला बरोबर होता, दातांशिवाय हसू दिसलं नसतं. वासराच्या परत येण्याची तक्रारही मागे घेतो. पण ती जीभ ज्याला ठाऊक आहे त्याला बाकीचंही ठाऊक असणार. फाटकातला तो म्हातारा मी आता माझ्या नातीशेजारी बसून कितीतरी वेळा बघितला. मुक्या जनावराला तुम्ही सिनेमाभर बोलायला लावलंत, नद्यांशी, आगगाड्यांशी, कोणाकोणाशी. मग त्याला विकणाऱ्या माणसाच्या तोंडापुढे टोपी का धरलीत? त्याला एक शब्द का दिला नाहीत? तंबूत पाच संध्याकाळी मी त्याच्याकडे बघत होतो. त्याला बोलताना बघितलं असतं, तर पूर्णेला माझंही तोंड उघडलं असतं. याचं उत्तर द्या. जत्रा अजून चार दिवस आहे, मी लिंबाखाली बसलोय, उपरणं टाकून. या, हात द्या. पहिला शब्द मी काढलेला आहे.